दिसला की मारायचा नाही

कॉम्प्युटरवरच्या तालाच्या एका खेळात मी नवख्यांना शिकवते, हे घरात कुणाला कधी नीट सांगता आलं नाही. आईला वाटायचं, मी टायपिंगचा सराव करतेय. दादाला वाटायचं, मी नोकरी शोधतेय. मी दोघांचाही समज मोडला नाही.

खेळ तसा साधा होता. गाणं सुरू होतं, पडद्यावर एकेक गोल उमटतो. प्रत्येक गोलाभोवती एक मोठं कडं असतं, ते आवळत आवळत आत येतं. कडं गोलाला शिवलं की त्याच क्षणी माउसनं गोलावर टिचकी मारायची. आधी मारली तरी चूक, नंतर मारली तरी चूक. इंटरनेटवरून कुठकुठले लोक एकाच गाण्यावर एकाच वेळी खेळायचे आणि गाणं संपलं की कुणाचा ताल किती चुकला ते सगळ्यांसमोर यायचं. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत मी तो पहिल्यांदा बघितला आणि त्यात अडकले. बी.एस्सी. झाली, नोकरी मिळेना, पण त्याच सुमारास दादानं घरी ब्रॉडबँड घेतलं. मग मला कॅफेत जायची गरज राहिली नाही.

त्या खेळात एक गप्पांची खोली होती. नव्या लोकांनी तिथं शंका विचारायच्या आणि जुन्या खेळाडूंनी उत्तरं द्यायची. त्या दिवसांत आपल्याकडची पोरं तिथं यायला लागली होती. ती हिंदीत, मराठीत, इंग्रजी अक्षरांत वाटेल ते लिहायची आणि तिथल्या परदेशी मदतनिसांना त्यातलं काही कळायचं नाही. खोलीचा प्रमुख फिनलंडचा एक शांत गृहस्थ होता. त्यानं मला विचारलं, तुमच्या भाषांसाठी वेगळी खोली काढून देतो, सांभाळशील का? मी हो म्हणाले. मदतनिसांचं नाव तिथं लाल अक्षरांत दिसायचं. माझं नाव लाल झालं तेव्हा मला फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं होतं.

ते वाटणं फार दिवस टिकलं नाही.

लोक वाचत नाहीत, हे मला त्या खोलीत कळलं. गाणी कुठून उतरवायची ते खोलीच्या माथ्यावरच लिहिलेलं असायचं. त्याच्या बरोब्बर खाली कुणीतरी विचारायचं, गाणी कुठून उतरवायची? मी सांगायचे, वर बघ. तो विचारायचा, कुठं वर? दुसरा एकजण रोज संध्याकाळी यायचा, नमस्कार लिहायचा आणि निघून जायचा. एकानं तक्रार केली की आवाज मागून येतो. काही कॉम्प्युटरवर आवाज खरंच उशिरा पोचतो आणि तो खेळात जुळवून घेता येतो, म्हणून मी विचारलं, "स्पीकर कोणते आहेत?" त्यानं उत्तर दिलं, "काळे." त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करून आईला शेंगा सोलू लागले.

शेवटी मी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. सोपी गाणी आधी, माउसचा वेग इतका ठेवा, आवाज असा जुळवा, अवघड गाण्यांकडे महिनाभर बघूही नका. कुणी विचारलं की त्यातला तुकडा उचलून चिकटवायचा. काम झटपट व्हायचं. विचारणारे बहुतेक परत यायचे नाहीत. ते शिकून गेले असतील असं मी धरून चालत होते.

अशात दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आल्या. त्या कुरुंदवाडच्या. माहेरी मोठं घर, शेतीचा व्याप, मराठीबरोबर कानडीही बोलणारी माणसं, दिवसभर येणंजाणं. आमच्याकडं दादा शिरोलीच्या एका फौंड्रीत, तो सकाळी गेला की संध्याकाळी यायचा. आई दुपारी झोपायची. उरलो आम्ही दोघी, आणि मी कॉम्प्युटरकडं तोंड करून बसलेली. पहिले काही दिवस वहिनी दारातून बघून जायच्या. मग एका दुपारी चहाचे दोन कप घेऊन आत आल्या.

"वन्सं, ही टकटक कसली चालती हो रोज?"

मी सांगितलं. त्यांनी एक गाणं पूर्ण बघितलं.

"मला बी शिकवा की."

मी नको म्हणू शकले असते. पण मला वाटलं, आपण खोलीत इतक्यांना शिकवतो, समोर बसलेल्या माणसाला शिकवणं सोपंच जाईल. मी खुर्ची दिली, सगळ्यात सोपं गाणं लावलं. पहिला गोल उमटला आणि वहिनींनी तो तत्क्षणी मारला. पडद्यावर लाल फुली आली. दुसरा उमटला, तोही मारला. पुन्हा फुली.

"दिसला की मारायचा नाही, वहिनी. वाट बघायची."

"कुणाची?"

"कड्याची. कडं आत येऊन गोलाला शिवू दे, मग मारा."

"समोर आल्यावर मारायचं न्हाय, तर मग आलाय कशाला त्यो?"

 गाणं तोवर अर्ध्यात बंद पडलं, कारण फार चुका झाल्या की ते आपोआप थांबतं. पुन्हा लावलं. या वेळी त्या वाट बघायला लागल्या, तर इतकी वाट बघितली की गोल विरून गेला. माउस हलवला की हातातला चुडा टेबलावर आपटायचा आणि त्याचा निराळाच ठेका व्हायचा. मी म्हटलं, बांगड्या कोपराकडं सारा. त्यांनी सारल्या, त्या लगेच खाली आल्या. गाणं जपानी होतं आणि गाणारी भरभर गात होती.

"ही बाई एवढ्या घाईनं का गातीया? हिची एस्टी सुटाय लागलीया काय?"

"वहिनी, बोलू नका, ठेका ऐका."

"ऐकतेय की."

त्या ऐकत होत्या, पण ठेका नव्हे, बाई ऐकत होत्या. ढोल कुठं पडतो याकडं त्यांचं लक्षच नसायचं. बाईचा आवाज चढला की त्या मारायच्या, बाईनं श्वास घेतला की थांबायच्या. दोन-तीन दिवसांत गाणं त्यांना पाठ झालं, शब्दांचा अर्थ माहीत नसताना त्या बरोबर म्हणू लागल्या, आणि टिचक्या मात्र एकूणएक चुकत राहिल्या. मध्येच उठून म्हणायच्या, "दूध बघून येते," आणि गाणं मागं चालूच असायचं.

"वहिनी, एक गाणं तरी जागेवर बसून पुरं करा."

"करू की. गाणं कुठं पळून चाललंय?"

गाणंच तर पळून चाललं होतं. मी डोक्याला हात लावून बसायचे. त्यात तो लोडशेडिंगचा काळ. दुपारी ठरल्या वेळी लाईट जायची, शिकवणी तिथंच थांबायची आणि वहिनी आनंदानं म्हणायच्या, "बरं झालं, उद्या बघू." खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटायचं.

पुढं मला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. सकाळी जायचं, दुपारी उशिरा यायचं. जाण्याआधी वहिनींनी एक मागणी केली. "माझं नाव काढून द्या त्यात. तुमच्या नावावर हरायला मला कसंतरी वाटतंय." मी त्यांचं खातं उघडलं. कुठलं नाव घ्यायचं विचारलं, तर म्हणाल्या, "आपण तिथं पावणंच की. पावणं लिवा." मी इंग्रजी अक्षरांत पावणं लिहिलं. ते नाव जगात कुणी घेतलेलं नव्हतं.

नोकरीच्या गडबडीत मी गप्पांच्या खोलीत फारशी डोकावत नव्हते. महिन्याभरानं फिनलंडवाल्याचा निरोप आला. तो मोजकंच लिहायचा. लिहिलं होतं, तुझ्या खोलीत पावणं नावाची एक व्यक्ती नव्या लोकांना उत्तरं देते. कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं, बरीचशी उत्तरं चूक आहेत. पण तुझ्या खोलीतले लोक आता निघून जात नाहीत. काय चाललंय?

मी खोलीतलं मागचं सगळं बोलणं काढून वाचलं. वाचता वाचता माझे कान तापले. नवा माणूस आला की वहिनी आधी विचारायच्या, कुठल्या गावचं, घरात कोण कोण, जेवण झालं का. मग तो बिचारा शंका विचारायचा. माउसचा वेग किती ठेवू? वहिनी सांगायच्या, "हाताला बरा वाटंल तेवढा ठेव." गाणं मधेच बंद पडतंय. "पडूदे. माझं रोज पडतंय. परत लाव." अवघड गाणं खेळू का? "आवडलं असलं तर खेळ. न्हाय जमलं तर कोण मारणार हाय व्हय?" निपाणीकडचा एक मुलगा कानडीत लिहायचा, त्याच्याशी त्या लांबच्या लांब कानडीत बोलल्या होत्या. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. रोज नमस्कार लिहून निघून जाणारा तो माणूससुद्धा आता थांबत होता. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी संध्याकाळी वहिनींना म्हटलं, "तुम्ही लोकांना काहीही सांगताय. महिनाभर सोपी गाणी खेळायची असतात."

"मी महिनाभर तेच खेळाय लागलीया. कुठं आलं मला?"

मला आणखीच राग आला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी दारात दोघी उभ्या राहिल्या. एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई. आईच्या हातात अंबाबाईच्या प्रसादाची पिशवी होती. दार माझ्या आईनं उघडलं. मुलीनं विचारलं, "पावणं हितंच ऱ्हातात न्हवं?"

आई म्हणाली, "आमच्याकडं आज कोण पावणं न्हाईत. तुमीच पावणं हाईसा. कुणाकडं आलाय?"

"पावण्यांकडंच."

आईला वाटलं, पत्ता चुकलाय. ती शेजारच्यांचं घर दाखवू लागली. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आतून आल्या, मुलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इचलकरंजी काय?" मुलगी हसली. वहिनींनी तिला हाताला धरून आत घेतलं, जशी चुलतबहीणच.

मुलगी आमच्या गप्पांच्या खोलीतली निघाली. देवीच्या दर्शनाला आलो होतो, तेव्हा म्हटलं भेटून जावं, असं तिच्या आईनं सांगितलं. चहा झाला, पोहे झाले. मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही घरचा पत्ता खोलीत लिहिलात?"

"मग कसं यायचं तिनं?"

"अहो, तिथं कोणीही वाचतं. सगळं जग वाचतं."

"सगळं जग कशाला येतंय कोल्हापूरला? त्यो फिनलंडवाला येणार हाय व्हय? आला तर आला, च्या पाजू."

मी बाहेर येऊन बसले. मुलगी सांगत होती. त्यांच्या घराला लागूनच वडिलांचे माग होते. दोन्ही पाळ्यांत खडखडाट, गाणं कानावर येतच नाही. खोलीत तिनं हे विचारलं होतं तेव्हा मी हेडफोन घ्यायचा तुकडा चिकटवला होता. तो हेडफोन घालूनही मागाचा आवाज आत यायचाच. मग वहिनींनी तिला सांगितलं होतं, ऐकू नको, कड्याकडं बघ, कडं शिवलं की मार. वाक्य माझंच होतं. मी रोज वहिनींच्या कानीकपाळी ओरडत होते तेच. त्यांना स्वतःला ते कधी जमलं नाही, पण त्यांनी ते पुढं पोचवलं होतं.

मुलगी आमच्या कॉम्प्युटरवर खेळली. मधल्या पातळीचं गाणं तिनं फारशी चूक न करता पार केलं. मी तिची माउस धरायची पद्धत बघत होते. पद्धत साफ चुकीची होती. माउसचा वेगही तिनं खेळ घेतल्यापासून बदललेला नव्हता. मी म्हटलं, थांब, तुला नीट लावून देते. वेग कमी केला, बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. तेच गाणं ती पुन्हा खेळली आणि निम्म्यात ते बंद पडलं. तिनं वेग होता तसा केला. वहिनी तिच्या आईला आणखी पोहे वाढत होत्या. त्यांनी बघितलं आणि माझ्याही बशीत पोहे घातले. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग फिनलंडवाल्याचा दुसरा निरोप आला. पावणं यांना रीतसर मदतनीस करायची त्याची इच्छा होती. अट एकच, मदतनिसाच्या नावावर निदान एक गाणं पार झाल्याची नोंद हवी. पावणं यांच्या नावावर एकही नव्हती. हे कसं, असं त्यानं विचारलं होतं. मी कळवलं, होईल.

वहिनी म्हणाल्या, "मला कशाला ते लाल नाव?" पण मी हट्टाला पेटले. ही बाई खोली चालवते आणि हिला एक गाणं पार करता येत नाही, हे मला सहन होईना. रोज क्लासवरून आले की मी त्यांना खुर्चीत बसवायचे. दूध आधी तापवून घ्यायचं, बांगड्यांना रुमाल बांधायचा, फोन आईनं घ्यायचा. त्यांना तेव्हा दिवस गेले होते, फार वेळ बसलं की त्या दमायच्या. आई मला बडबडायची, "कशाला छळतीस तिला?" वहिनीच म्हणायच्या, "असूदे, त्यांची हौस हाय."

काही केल्या वहिनी गाणाऱ्या बाईच्या मागं जायच्या थांबेनात. शेवटी मला सुचलं, बाईच नको. शोधून शोधून एक गाणं काढलं ज्यात कुणी गात नव्हतं, नुसती वाद्यं. वहिनींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यात कायच न्हाय की."

"तेच तर. खेळा."

त्या खेळल्या. पहिल्यांदा बंद पडलं, दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा बरंच पुढं गेलं. लाईट आता संध्याकाळी जायची, तिला अजून अवकाश होता. पुन्हा लावलं. या वेळी त्या गप्प होत्या. तोंडानं काही पुटपुटत नव्हत्या, माझ्याकडं वळून बघत नव्हत्या. गोल येत होते, कडं आवळत होतं आणि बहुतेक वेळा त्या बरोबर मारत होत्या. काही चुकले, पण गाणं चालू राहिलं. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होते. गाणं संपलं. निकालाचा पडदा आला. सगळ्यात खालची श्रेणी होती, पण पार झालं होतं. कोपऱ्यात निकाल पाठवला जात असल्याचं छोटं चाक फिरत होतं. ते फिरत असतानाच लाईट गेली.

वेळेआधी गेली. यूपीएस आमचा कधीच मेला होता. पडदा काळा झाला आणि खोलीत पंख्याची पाती हळूहळू थांबत गेली.

मी जे बोलले ते आईनं बाहेरून ऐकलं आणि ती धावत आली. तिला वाटलं, शॉक बसला.

लाईट आल्यावर बघितलं. नोंद नव्हती. मी फिनलंडवाल्याला लिहिलं की माझ्या डोळ्यांसमोर गाणं पार झालंय. त्यानं नम्रपणे कळवलं, त्याचा माझ्यावर विश्वास आहे, पण नोंद लागते, त्यांनी पुन्हा खेळावं. मी त्याला पुन्हा लिहिलं, लोडशेडिंग म्हणजे काय ते लिहिलं, आमच्या गावात वीज कशी जाते ते लिहिलं, गरोदर बाईला तासन् तास बसवता येत नाही हे लिहिलं. त्याच्या देशात बहुधा वीज जात नसावी. त्यानं सहानुभूती कळवली आणि नियम तसाच ठेवला. मी दोन दिवस धुमसत होते. क्लासमध्ये मुलांवर ओरडले, घरी दादाला म्हटलं, वीज कंपनीला पत्र लिही. दादाला काय झालंय तेच कळेना.

वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही बघितलासा न्हवं?"

"मी बघून काय उपयोग?"

"मग झालं की. आनी कुणाला दावायचंय?"

त्या पुन्हा खेळल्या नाहीत. सातव्या महिन्यात कुरुंदवाडला माहेरी गेल्या. तिथं इंटरनेट नव्हतं. खोली पुन्हा माझ्याकडं आली. रोज सगळे विचारायचे, पावणं कुठायत? मी लिहायचे, माहेरी. कधी येणार? बाळंतपण झाल्यावर. मग शुभेच्छांचा पाऊस पडायचा, आणि माउसच्या वेगाबद्दल कुणी काही विचारायचं नाही. माझे लिहून ठेवलेले तुकडे तसेच पडून राहिले.

एकदा निपाणीच्या मुलानं कानडीत बरंच काही लिहिलं. मला कळेना. वहिनींना फोन लावला आणि इंग्रजी अक्षरांतलं ते कानडी जसं जमेल तसं वाचून दाखवलं. त्यांना दोनदा वाचायला लावावं लागलं.

"त्याचा आवाज मागनं येतोय म्हणं, वन्सं. ते तुम्ही सांगा, मला कुठलं येतंय."

मी मराठीत सांगितलं, कुठल्या पानावर जायचं, कुठला आकडा बदलायचा. त्यांनी ते कानडीत करून एकेक शब्द मला सांगितला आणि मी कळत नसलेली ती वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहीत गेले. मागं गाय हंबरत होती, कुणीतरी वहिनींना जेवायला बोलवत होतं, त्या मधेच त्यांच्याशी बोलायच्या आणि मी कानाला फोन लावून ताटकळत बसायचे. सगळं लिहून झालं तेव्हा माझा हात अवघडला होता. मुलानं करून बघितलं. आवाज जुळला. त्यानं माझे नव्हे, वहिनींचे आभार मानले.

वहिनींना मुलगी झाली. बारशाला इचलकरंजीच्या त्या दोघी आल्या होत्या. पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा वहिनी बाळात गुंतल्या होत्या, म्हणून मी खोली इचलकरंजीच्या मुलीच्या हवाली केली. तिला मी माझी लिहून ठेवलेली उत्तरंही पाठवली. तिनं ती ठेवून घेतली. वापरली असतील असं वाटत नाही.